आझाद हिंद बँकेचा कागद

बदलीचा हुकूम आला तेव्हा आईला फोनवर सांगितलं, "उरल्याला जातोय." ती म्हणाली, "काय उरलंय तिथं?" मराठी माणसाला या गावाचं नाव ऐकून हसू येतंच. रायपूरच्या उत्तरेला बिरगावला लागून ही औद्योगिक वसाहत आहे. रोलिंग मिल, भट्ट्या, स्पंज आयर्नचे कारखाने, रात्रंदिवस ट्रकांची रांग. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरवलं तर बोटाला काळी पूड लागते. फौजी माणूस सियाचेनचा बर्फही सोसतो आणि जैसलमेरची वाळूही. इथली काजळी मात्र मला वेगळ्याच कारणासाठी टोचते. माझ्या ट्रंकेत जुन्या नोटांचा आल्बम आहे, आणि कागदाला ही पूड फार वाईट.

मित्रांनो, आजचा लेख त्या आल्बमातल्या एका पानाबद्दल आहे.

माझे आजोबा मराठा पलटणीतून बर्माच्या लढाईत होते. परत येताना त्यांनी काही जपानी नोटा आणल्या. लहानपणी आम्हा भावंडांना त्या खेळायला मिळायच्या, कारण घरात त्यांना कुणी पैसा मानत नव्हतं. रुपयांत छापलेली नोट, पॅगोडाचं चित्र, आणि वर इंग्रजीत मजकूर: जपान सरकार ही रक्कम देण्याचं वचन देतं. १९४२ मध्ये जपान्यांनी बर्मा घेतला आणि तिथल्या बाजारात हे कागद ओतले. बर्मासाठी छापलेल्या नोटांवर 'बी' या अक्षराने सुरू होणारी जोडी असते, मलायासाठीच्या नोटांवर 'एम'. पण आपल्या नोटेवर असतो तसा क्रमांक त्यांवर नसतो.

ही गोष्ट मी फौजेत आल्यावर, क्वार्टर मास्टरच्या हाताखाली काम करताना पहिल्यांदा नीट समजलो. आमच्याकडे प्रत्येक रायफलीला नंबर, प्रत्येक ब्लँकेटची नोंद. ज्या वस्तूला नंबर नाही, तिचा हिशोब द्यायचा कुणाचा इरादाच नाही. जपान्यांनी नोटेवर वचन छापलं, पण किती वचनं दिली ते मोजायची सोय ठेवली नाही. व्हायचं ते झालं. नोटा वाढत गेल्या, तांदूळ आणि कापड आटत गेलं आणि भाव आभाळाला भिडले. १९४५ मध्ये इंग्रज परतले तेव्हा त्यांनी भारतीय नोटांवर 'बर्मा लष्करी प्रशासन' असा शिक्का मारून त्या चालू केल्या आणि जपानी नोटा रद्दी ठरल्या. आमच्या आजोबांसारख्या हजारो जवानांनी त्या आठवण म्हणून पेटीत टाकल्या. म्हणूनच आजही त्या स्वस्तात मिळतात, आणि नव्या संग्राहकाने सुरुवात तिथूनच करावी.

पण त्याच बर्मात, त्याच वर्षांत, आणखी एक बँक उभी राहिली. आझाद हिंद बँक.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर केलं. त्या मंत्रिमंडळात अर्थखातं होतं आणि ते लेफ्टनंट कर्नल ए. सी. चॅटर्जी या लष्करी डॉक्टरकडे दिलं होतं. पुढे सरकारचं मुख्यालय रंगूनला हललं आणि एप्रिल १९४४ मध्ये तिथे बँक सुरू झाली. अधिकृत भांडवल ५० लाख रुपये. आघाडीवर इंफाळची लढाई पेटलेली असताना कुणी बँकेचं उद्घाटन का करेल, असा प्रश्न पडतो. उत्तर असं आहे की बोस यांना जपान्यांच्या खिशातून चालणारी फौज नको होती. जवानाचा पगार, रेशन, दवाखाना हे परक्याच्या पैशावर चाललं तर हुकूमही परक्याचाच चालतो. फौजेतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पैसा आला तो पूर्व आशियातल्या भारतीयांकडून. रबराच्या मळ्यातले तमिळ मजूर, चेट्टियार सावकार, गुजराती आणि पंजाबी व्यापारी, दूधवाले, चौकीदार. बायकांनी मंगळसूत्रं आणि बांगड्या काढून दिल्या. रंगूनचे हबीब साहेब या व्यापाऱ्याने आपली सगळी मालमत्ता सरकारला दिली. १९४५ च्या जानेवारीत बोस यांच्या वाढदिवशी रंगूनमध्ये त्यांची सोन्याने तुला झाली.

हे सगळं खरं आहे, पण अर्धंच सांगितलं तर ते पोवाड्यात शोभेल, इतिहासात नाही. सगळा पैसा हसत हसत आला नव्हता. सिंगापूरला १९४३ च्या ऑक्टोबरमध्येच बोस यांनी श्रीमंत व्यापाऱ्यांना बजावलं होतं की सर्वंकष युद्धात कुणाचा जीव आणि कुणाची मालमत्ता खासगी राहत नाही, आणि जे हात आखडतील त्यांना शत्रूच्या बाजूचं समजलं जाईल. वसुलीसाठी समित्या होत्या, आकारणी होती, दबाव होता. मजुराने उठून आपली जमा पुंजी दिली आणि सावकाराने आकारणीचा कागद पाहून दिली. दोघांच्या नावावर जमा मात्र एकाच खात्यात झाली.

आता त्या कागदाकडे येतो. आझाद हिंद बँकेच्या नोटा म्हणून जे आज संग्राहकांसमोर येतं, त्यातला बराचसा माल एकाच बाजूने छापलेला असतो. मोठ्या रकमा, बोस यांचं चित्र, भारताचा नकाशा, 'जय हिंद'. २०१० च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक लाख रुपयांच्या नोटेची छायाचित्रं आली होती. डावीकडे बोस, उजवीकडे अखंड भारताचा नकाशा. तेव्हा आमच्या बॅरॅकमध्ये चर्चा रंगली होती की एक लाखाची नोट घेऊन माणूस भाजी आणायला कसा जाणार? प्रश्न गमतीचा होता, पण बरोबर होता. रंगूनच्या बाजारात भाजीपाला जपानी रुपयांतच विकला जात होता. लाखाच्या कागदाचा उपयोग वेगळा. ज्याने लाखाची रक्कम दिली त्याच्या हातात ठेवायची ती हमी होती. आज तू देशाला दिलंस, देश मोकळा झाला की देश तुला ओळखेल. त्याला नोट म्हणा, वचनचिठ्ठी म्हणा किंवा पावती म्हणा. संग्राहकाने मात्र हा फरक मनाशी पक्का करावा, कारण बाजारातली निम्मी फसवणूक याच गोंधळावर चालते.

तिकिटांचंही असंच. आझाद हिंदची टपाल तिकिटं १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. देखणी तिकिटं आहेत. नांगरणारा शेतकरी, चरख्यावरची बाई, बंदूक रोखलेला शीख जवान, तुटलेली साखळी. टपालात मात्र ती कधी वापरली गेली नाहीत. छापलेलं सरकार आणि चाललेलं सरकार यांत अंतर राहिलं. हे अंतरच या संग्रहाचा खरा विषय आहे, असं मला वाटतं.

आणि तरीही त्या बँकेचा उपयोग झाला, तो दिल्लीत, लाल किल्ल्यात. ५ नोव्हेंबर १९४५ पासून शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. आरोप बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. बचावाचे वकील भुलाभाई देसाई यांचा मुद्दा असा होता की हे लोक बंडखोरांची टोळी नव्हते. त्यांचं रीतसर सरकार होतं, मंत्रिमंडळ होतं, फौज होती, फौजेचा कायदा होता, खजिना होता. म्हणून युद्ध करणाऱ्या राष्ट्राच्या सैनिकाला जे नियम लागू होतात ते यांनाही लागू व्हावेत. हे सिद्ध करायला साक्षीदारांच्या पिंजऱ्यात बँकेचे एक संचालक दीनानाथ उभे राहिले. त्यांनी देणग्यांचे कोट्यवधी रुपयांचे आकडे सांगितले. ज्या कागदाला बाजारात किंमत उरली नव्हती, त्या कागदामागची हिशोबाची वही तीन माणसांच्या गळ्यातला फास सैल करायला पुढे आली.

न्यायालयाने तिघांना जन्मठेप, बडतर्फी आणि थकलेला पगार व भत्ते जप्त अशी शिक्षा दिली. कमांडर इन चीफ ऑचिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि पगारजप्ती कायम ठेवली. बाहेरच्या वाचकाला जन्मठेप माफ झाली हेच मोठं वाटेल, आणि ते आहेच. पण फौजेतला माणूस दुसरी ओळ पुन्हा वाचतो. पगार आणि पेन्शन ही आमच्याकडे नुसती रक्कम नसते. तुम्ही इथे होतात आणि तुमची सेवा मोजली गेली, याची ती नोंद असते. आझाद हिंद फौजेच्या जवानांची ती नोंद पुसली गेली. स्वातंत्र्यानंतरही त्यांना भारतीय सेनेत परत घेतलं नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची केंद्रीय योजना सुरू झाली आणि त्यात त्यांची गणना झाली, तोवर लढाईला २७-२८ वर्षं उलटून गेली होती.

इथे माझ्या घरातला पेच सांगायला हवा. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण जपान्यांना अडवून लढत होती. पाण्याचा तुटवडा, खडकात खोदता येईना, तरी चार-पाच दिवस ती टेकडी धरून ठेवली. इंफाळ वाचलं त्यात त्या दिवसांचा वाटा आहे. त्याच मोहिमेत समोरच्या बाजूला आझाद हिंद फौज होती, आणि तिचे एक सर्वोच्च अधिकारी आपल्याच सावंतवाडीकडचे होते. जगन्नाथराव कृष्णराव भोसले. सिंगापूर पडलं तेव्हा जे भारतीय अधिकारी युद्धकैदी झाले त्यांतले ते एक. पुढे आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरीतून लोकसभेवर गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना त्यांनी उभी केली.

आजोबांना मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला ते गद्दार वाटायचे का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही मीठ खाल्लं होतं. त्यांनीबी खाल्लं होतं. त्यांनी मीठ कुणाचं आहे ते इचारलं, आम्ही इचारलं न्हाई." यापुढे मी त्यांना काही विचारलं नाही. आल्बमात आजोबांचं मेडल आणि आझाद हिंदची तिकिटं मी समोरासमोरच्या पानांवर लावली आहेत. माझ्या मते त्यांची जागा तीच आहे.

महाराष्ट्रात त्याच काळात दुसरं सरकार चालू होतं. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ असं चाललं. त्यांची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती. त्यांनी नोटा छापल्या नाहीत. त्यांना पैसा हवा होता तेव्हा त्यांनी इंग्रजांच्याच नोटा घेतल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. आता तारखेची गंमत पाहा. त्याच १४ एप्रिल १९४४ ला मणिपूरच्या मोइरांगला आझाद हिंद फौजेने तिरंगा फडकवला. आणि त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. त्यात दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या लगडी होत्या आणि त्या शहरभर उडाल्या. एका दिवसात सोनं, नोटा आणि झेंडा. कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

प्रतिसरकारला नोटा का लागल्या नाहीत? ते आपल्या गावात होते. माणसं ओळखीची, भाकरी घरची, विश्वास तोंडी. रंगूनच्या सरकारचा देश त्याच्या पायाखाली नव्हता, हजार मैलांवर होता. जो देश अजून हातात नाही, त्याच्या नावाने काही मागायचं तर कागद द्यावा लागतो.

छत्तीसगडमध्ये राहून हा विषय लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. इथून दक्षिणेला बस्तरमध्ये माओवाद्यांनीही आपल्या 'जनताना सरकार'च्या नावाने वर्षानुवर्षं ठेकेदार आणि तेंदूपत्त्याच्या व्यापाऱ्यांकडून वसुली केली आहे आणि तिच्या पावत्याही दिल्या आहेत. एका तरुण जवानाने मला सरळ विचारलं, "उस्ताद, मग फरक काय? तीपण क्रांती, हीपण क्रांती. तोपण कागद, हापण कागद." मी त्याला रागावलो नाही. प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि तीन गोष्टी बघ. समोर मत मागायचा, कोर्टात जायचा, सरकार बदलायचा रस्ता होता का? १९४४ च्या हिंदी माणसाला तो नव्हता. दुसरं, देणाऱ्याने कुणासाठी दिलं आणि भीतीचा वाटा किती होता? तिसरं, हिशोब उघड्यावर तपासायला कुणी तयार आहे का? आझाद हिंदचा हिशोब शत्रूच्या न्यायालयात, उलटतपासणीसमोर मांडला गेला. या तिन्हींवर आझाद हिंदला पैकीच्या पैकी गुण मिळत नाहीत हे वर सांगितलंच आहे. पण प्रश्न विचारल्याशिवाय कुठलाही क्रांतीचा कागद आल्बमात लावू नये.

आता थोडं कामाचं. निवृत्त मंडळी विचारतात म्हणून लिहितो.

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्यांच्या आसपास जुनी नाणी विकणारे असतात. एका विक्रेत्याने मला आझाद हिंदची 'अस्सल' नोट दाखवली. सांगितलेला भाव माझ्या महिन्याच्या पगाराइतका. मी खिशातून भिंग आणि नोटा तपासायची छोटी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली. कागद निळसर पांढरा चमकला. युद्धानंतरच्या काळात कागदाला पांढरेपणा देणारी रसायनं सर्रास वापरात आली. १९४४ चा कागद त्या उजेडात मंद, पिवळट दिसायला हवा. चमकला म्हणजे विषय संपला. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर तो आजकालचा प्रिंटर. जुन्या खिळेछपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं आणि मागच्या बाजूला बोटाला जाणवतं. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना दिसतो, पण डाग घडीवरून सरळ जात नाही, पसरतो. मी नोट परत दिली आणि म्हटलं, "भैया, दादाजी के जमाने की नहीं, पोते के जमाने की है." तो हसला. गिऱ्हाईक गेल्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नसावं, उद्या दुसरं येणारच होतं.

नोट कितीही खरी वाटली तरी ती कुणाच्या घरातून, कशी आली याची साखळी विचारा. आजोबांचं डिस्चार्ज बुक, तेव्हाचं पत्र, कुटुंबाचा फोटो बरोबर असेल तर त्या कागदाचं मोल वाढतं. एकट्या नोटेपेक्षा नोट आणि गोष्ट मिळून इतिहास होतो. लॅमिनेशन चुकूनही करू नका. स्वस्त प्लॅस्टिकची पाकिटं काही वर्षांत चिकट होतात, त्याऐवजी पॉलिस्टरची घ्या. टाचणी आणि सेलोटेप हे कागदाचे वैरी. आमच्यासारखे काजळीच्या गावात राहत असाल तर आल्बम बंद डब्यात ठेवा. आणि कायद्याचं भान ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोल असलेला ७५ वर्षांवरचा दस्तऐवज पुरावशेषांत मोडतो. असा कागद परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर पाठवणं हा गुन्हा होऊ शकतो.

त्या कागदाच्या मागे जे सोनं होतं त्याचं काय झालं? एप्रिल १९४५ च्या अखेरीस बोस रंगूनहून निघाले, काही दिवसांत इंग्रज शहरात आले आणि बँकेला सील लागलं. १८ ऑगस्ट १९४५ च्या तैहोकूच्या विमान अपघातानंतर तिथल्या मातीतून जळालेले, वितळलेले दागिने गोळा करण्यात आले. १९५२ मध्ये ते दिल्लीला आले आणि राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले गेले. वजन सुमारे ११ किलो. त्यात कुणाची बांगडी कुठली, हे आता कुणी सांगू शकत नाही. ज्या मजुराच्या बायकोने ती दिली तिच्याकडे बहुधा पावतीही नव्हती. मोठ्या रकमेला मोठा कागद मिळाला, लहान दात्याला मिळाला तो एक शब्द. आझाद हिंदच्या लोकांनी एकमेकांना भेटताना रूढ केलेला तो शब्द आज आमच्या प्रत्येक युनिटमध्ये, संत्रीच्या पोस्टवर, लंगरात, रोल कॉलला रोज उच्चारला जातो.

तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर तो विकायला काढण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याची गोष्ट वहीत लिहून घ्या. तारीख टाका, खाली सही घ्या. कागद पुढेमागे तपासून घेता येईल, सांगणारा माणूस पुन्हा मिळणार नाही.

जय हिंद.